मालिकेच्या भागांची यादी विकिपीडियावर कशी लावाल?

आवडत्या मालिकेच्या भागांची यादी मराठी विकिपीडियावर करायची आहे, पण सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न वाचक पुन्हा पुन्हा विचारतात. लोणार तालुक्यातल्या बीबीसारख्या गावातून तो आला, की त्यात हमखास जिजाऊंचे नाव असते. सिंदखेडराजा हा शेजारचाच तालुका. तिथल्या लखुजी जाधवांच्या वाड्यात मुलांच्या सहली जातात, १२ जानेवारीला गावोगावची माणसे जिजाऊ जयंतीला तिथे लोटतात. त्यामुळे १९ ऑगस्ट २०१९ रोजी सोनी मराठीवर ‘स्वराज्यजननी जिजामाता’ सुरू झाली, तेव्हा या भागातल्या लोकांना ती घरची गोष्ट वाटली यात नवल नाही. तिचे भाग नीट नोंदवून ठेवावेत असे कोणाला वाटत असेल, तर ते काम करण्यासारखे आहे. मात्र ते कसे करायचे, हे आधी समजून घ्या. नाहीतर महिनाभर खपून भरलेला तक्ता एका दिवसात पुसला जाऊ शकतो.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तो कोणीही लिहू शकतो आणि कोणीही दुरुस्त करू शकतो. पुढचे सगळे सल्ले या दोन गोष्टी धरूनच दिले आहेत.

आधी ठरवा : सगळे भाग की निवडक?

दैनंदिन मालिका आठवड्यात सहा दिवस लागली, तर वर्षाला तीनशेच्या वर भाग होतात. दोन वर्षे चाललेल्या मालिकेची यादी सहाशे ओळींची झाली. ती भरणार कोण, तपासणार कोण आणि वाचणार कोण? म्हणून माझे स्पष्ट मत सांगतो : दैनंदिन मालिकेच्या प्रत्येक भागाचा तक्ता करू नका. तो बहुधा अर्धवट राहतो, आणि अर्धवट यादी पाहणाऱ्याला पुढचे भाग झालेच नाहीत असे वाटते.

मालिकेच्या प्रकाराप्रमाणे मार्ग निवडा :

- ठरावीक भागांची मालिका : पूर्ण तक्ता करा. श्याम बेनेगल यांची दूरदर्शनवरची ‘भारत एक खोज’ ५३ भागांची आहे आणि प्रत्येक भागाचा विषय ठरलेला आहे. भाग क्रमांक, नाव, विषय असा तक्ता तिथे शोभतो.
- पर्वांची मालिका : प्रत्येक पर्वाला स्वतंत्र उपशीर्षक द्या आणि त्याखाली त्या पर्वाचा काळ व कथेचे टप्पे लिहा.
- दैनंदिन मालिका : वर्षवार किंवा कथेच्या टप्प्यांप्रमाणे भाग पाडा आणि फक्त वळणाचे भाग तारखेसह नोंदवा.
- पाहुण्यांचा कार्यक्रम : ‘चला हवा येऊ द्या’सारख्या कार्यक्रमात कथा नसते. तिथे तारीख, आलेले पाहुणे आणि ज्या नाटक-सिनेमाच्या निमित्ताने ते आले त्याचे नाव, एवढे पुरते.

मराठी विकिपीडियावर बऱ्याच मालिकांच्या पानांवर ‘विशेष भाग’ असा विभाग दिसतो. त्यात जाहिरातीत झळकलेली ओळ आणि पुढे कंसात तारीख असते. ‘अमुकसमोर येणार तमुकचं सत्य’ अशी ओळ वाहिनीने प्रेक्षक खेचण्यासाठी लिहिलेली असते. त्या रात्री सत्य खरोखर समोर आले की नाही, हे त्यातून कळतच नाही. असा विभाग तुम्हाला आढळला, तर ओळी पुसून टाकू नका. त्या भागात काय घडले ते साध्या वाक्यात लिहा आणि तारीख तशीच राहू द्या.

जिजाऊंच्या मालिका आणि जिजाऊंचा इतिहास

आपल्या भागातल्या वाचकांचा सर्वांत मोठा घोटाळा इथे होतो, म्हणून थोडे थांबून सांगतो.

जिजाऊ एकाच मालिकेत नाहीत. २००८मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झालेल्या ‘राजा शिवछत्रपती’मध्ये ती भूमिका मृणाल कुलकर्णी यांनी केली. २०१७ ते २०२० या काळात झी मराठीवर झालेल्या ‘स्वराज्यरक्षक संभाजी’मध्ये प्रतीक्षा लोणकर होत्या. ‘स्वराज्यजननी जिजामाता’मध्ये मोठेपणीच्या जिजाऊ अमृता पवार यांनी साकारल्या. आठवणीतून लिहायला बसले, की एका मालिकेतला प्रसंग दुसरीच्या यादीत जातो. ‘जिजाऊंनी शिवबांना समजावले तो भाग’ तिन्हीकडे सापडेल. त्यामुळे आठवणीवर विसंबून एकही ओळ लिहू नका. भाग पुन्हा पाहा, तारीख पाहा आणि मगच नोंदवा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मालिकेत दाखवलेला प्रसंग हा मालिकेचा आशय असतो, तो इतिहासाचा पुरावा होत नाही. लखुजी जाधवांच्या वाड्यातल्या रंगपंचमीचा प्रसंग घ्या. लहानगे शहाजी आणि जिजाऊ एकमेकांवर रंग उडवतात, लखुजीराव सहज काही बोलून जातात आणि भोसले तो शब्द धरून बसतात, ही कथा बखरींतून आली आणि लोकांच्या तोंडी रुळली. मालिकेच्या यादीत तुम्ही ती अशी लिहू शकता : ‘रंगपंचमीच्या सोहळ्यात लखुजीरावांच्या शब्दावरून दोन घराण्यांत पेच निर्माण होतो.’ हे मालिकेत घडले, तेव्हा नोंद बरोबर आहे. पण तोच भाग संदर्भ म्हणून देऊन ‘जिजाबाई’ किंवा ‘सिंदखेडराजा’ या पानावर हे वाक्य घालू नका. त्या पानांना इतिहासाची पुस्तके लागतात. १६२९मध्ये दौलताबादला निजामशाही दरबारात लखुजी जाधवांची हत्या झाली, ही नोंद इतिहासाच्या ग्रंथातून घ्यायची. मालिकेतला तो भाग कितीही चटका लावणारा असला, तरी तो इथे संदर्भ ठरत नाही.

उलट बाजूनेही सांभाळा. मालिकेत एखादी गोष्ट चुकीची दाखवली असे तुम्हाला वाटले, तर भागांच्या यादीत ‘हे खोटे आहे’ असे लिहायचे नाही. एखाद्या इतिहास अभ्यासकाने वर्तमानपत्रात किंवा पुस्तकात तसा आक्षेप छापला असेल, तर पानावर वेगळा परिच्छेद करून, त्या अभ्यासकाचे नाव घेऊन तो नोंदवा.

एका नोंदीत काय असावे

१. प्रसारणाची पूर्ण तारीख : दिवस, महिना आणि वर्ष. ‘काल’, ‘गेल्या सोमवारी’, ‘सध्या’ हे शब्द विश्वकोशात चालत नाहीत. चार वर्षांनी वाचणाऱ्याला ‘सध्या’ म्हणजे कधी हे कसे कळणार?
२. भाग क्रमांक, पण तो खात्रीचा असेल तरच. नसेल तर रकाना रिकामा ठेवा, अंदाजाने भरू नका.
३. आशय एक-दोन वाक्यांत, वर्तमानकाळात.
४. संदर्भ.

शेवट उघड करावा का, असे बरेच जण विचारतात. करावा. विश्वकोश वाचणाऱ्याला माहिती हवी असते, तिथे उत्सुकता ताणायची नसते. खून कोणी केला हे त्या भागात कळत असेल, तर तसे लिहा.

रोजची प्रसारणाची वेळ प्रत्येक ओळीत देऊ नका. मालिकेची वेळ बदलली तर वरच्या परिच्छेदात एकदा सांगा. दर आठवड्याचे टीआरपीचे आकडेही यादीत भरू नका. मराठी मालिकांच्या पानांवर असे तक्ते पुष्कळ दिसतात, पण त्यातून मालिकेत काय घडले हे कोणालाच कळत नाही. एखाद्या आठवड्याच्या आकड्याची वर्तमानपत्राने दखल घेतली असेल, तर एक वाक्य पुरे.

भाग मोजताना कुठे चूक होते

क्रमांक चुकला की पुढची सगळी यादी घसरते. चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

- महाएपिसोड : रविवारी एक तासाचा किंवा दोन तासांचा भाग लागतो. तो एक धरायचा की दोन? वाहिनीच्या ॲपवर तो एकाच क्रमांकाने असेल तर एक धरा, तुकडे केलेले असतील तर तुकड्यांप्रमाणे. कोणतीही पद्धत घ्या, पण यादीच्या सुरुवातीला ती एका वाक्यात सांगा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.
- टाळेबंदीचा काळ : मार्च २०२०मध्ये चित्रीकरण थांबले आणि वाहिन्यांनी जुने भाग पुन्हा लावले. नवे भाग जुलैत सुरू झाले. मधल्या महिन्यांतले पुनःप्रसारण मोजणीत धरू नका. २०२१च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पुन्हा चित्रीकरणबंदी आली, तेव्हा अनेक मालिकांची मंडळी गोव्यात आणि इतर राज्यांत जाऊन काम करत होती. काही मालिका चालू राहिल्या, काही थांबल्या. त्यामुळे या काळात प्रत्येक मालिकेची तारीख वेगळी तपासा.
- ॲपवरची तारीख : झी ५, सोनी लिव्ह, जिओहॉटस्टार यांवर काही भाग दूरचित्रवाणीच्या आधी दिसतात, तर काही जुने भाग वर्षांनी नव्याने चढवलेले असतात. यादीत तारीख धरायची ती दूरचित्रवाणीवर पहिल्यांदा दाखवल्याची.
- पर्वांचा क्रम : ‘रात्रीस खेळ चाले’चे पहिले पर्व २०१६चे, दुसरे २०१९चे आणि तिसरे २०२१चे. दुसऱ्या पर्वातली कथा पहिल्याच्या आधी घडलेली आहे, म्हणून काही जण ते पर्व वर नेऊन ठेवतात. तसे करू नका. यादी प्रसारणाच्या क्रमाने लावा. कथेचा काळ उलटा आहे हे त्या पर्वाच्या सुरुवातीला एका वाक्यात सांगितले की काम झाले.
- वाहिनीचे नाव : ‘आभाळमाया’ अल्फा टीव्ही मराठीवर लागत असे. तीच वाहिनी पुढे झी मराठी झाली. ई टीव्ही मराठीची २०१५मध्ये कलर्स मराठी झाली. भाग दाखवला तेव्हा जे नाव होते तेच लिहा, आजचे नाव एकदा कंसात द्या.

संदर्भ कुठून मिळवाल

तुम्ही भाग डोळ्यांनी पाहिलात म्हणून तो संदर्भ होत नाही. ज्याने मालिका कधी पाहिलीच नाही अशा माणसाला तुमची ओळ पडताळून पाहता आली पाहिजे. वाहिनीच्या अधिकृत ॲपवरचे त्या भागाचे पान तारीख आणि साधा आशय यांसाठी चालते. मालिका सुरू झाली, संपली, कलाकार बदलला, वाद झाला, या गोष्टींसाठी मात्र लोकसत्ता, महाराष्ट्र टाइम्स, लोकमत, सकाळ, देशोन्नती अशा वर्तमानपत्रांतली बातमी द्या. चाहत्यांची पाने, व्हॉट्सॲपवर फिरणारे मजकूर, कोणीतरी यूट्यूबवर चढवलेले तुकडे हे संदर्भ नव्हेत.

ॲपवरून जुन्या मालिका कधीकधी निघून जातात आणि दुवा मरतो. म्हणून दुवा देतानाच त्या पानाची प्रत इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर साठवा आणि त्या प्रतीचा दुवाही जोडा. एका मिनिटाचे काम आहे आणि फुकट आहे.

दूरदर्शनच्या जुन्या मालिकांचे तसे नाही. ‘चिमणराव’, ‘गोट्या’ यांच्या काळात ॲप नव्हते. त्या वेळच्या वर्तमानपत्रांत रोजचे कार्यक्रमपत्रक छापून येई. ग्रंथालयात जुने अंक बांधून ठेवलेले असतील, तर तारखा त्यातून मिळतात. छापील अंकाचा संदर्भ पूर्णपणे ग्राह्य आहे. वर्तमानपत्राचे नाव, आवृत्ती, तारीख, पान एवढे लिहिले की पुरे. त्याला दुवा नसला तरी चालतो.

आशय तुमच्याच शब्दांत

ॲपवर प्रत्येक भागाखाली दोन-तीन ओळींचा सारांश असतो. तो उचलून चिकटवला की प्रताधिकाराचा भंग होतो आणि तो मजकूर काढला जातो, कधीकधी सगळ्या पानासकट. चार शब्द इकडेतिकडे केल्यानेही सुटका नाही. भाग पाहा, पडदा बंद करा आणि कोणी विचारले असते तर काय सांगितले असते ते लिहा.

इंग्रजी विकिपीडियावरून भाषांतर करायला मात्र परवानगी आहे. अट एकच : ‘इंग्रजी विकिपीडियावरील अमुक लेखावरून भाषांतर’ असे संपादनाच्या सारांशात नमूद करा. यंत्राने दिलेले भाषांतर वाचून, सुधारून मगच घाला. नात्यांचे शब्द यंत्र हमखास चुकवते. नणंद, जाऊ आणि भावजय यांची सरमिसळ झाली तर कौटुंबिक मालिकेच्या यादीत काही अर्थच उरत नाही.

छायाचित्रांबाबत थोडक्यात : मालिकेचे पोस्टर आणि पडद्याचे टिपलेले चित्र निर्मात्यांच्या मालकीचे असते. विकिमीडिया कॉमन्सवर ते चालत नाही. सिंदखेडराजाच्या वाड्याचे तुम्ही स्वतः काढलेले छायाचित्र मात्र तुमचे आहे. ते जरूर द्या, पण ‘सिंदखेडराजा’ या पानासाठी.

बालकलाकारांची शाळा, राहण्याचे ठिकाण, पालकांची माहिती यादीत किंवा पानावर कुठेही येऊ देऊ नका.

प्रत्यक्ष काम : मोबाइल हातात धरून

१. खाते उघडा. टोपणनाव चालते. तुमच्या नावावर नोंद राहते आणि पुढे बोलणे सोपे जाते. गावातल्या सेवा केंद्रातल्या किंवा मित्राच्या संगणकावरून काम केलेत, तर निघताना खात्यातून बाहेर पडा.
२. पान आधीच आहे का ते शोधा. नाव दोन-तीन प्रकारे लिहून पाहा. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ यातला ‘ऱ्या’ वेगवेगळे कळफलक वेगवेगळ्या पद्धतीने टाइप करतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकासाठी ती दोन वेगळी नावे असतात. मग असलेले पान सापडत नाही, आपण दुसरे तयार करतो आणि दोन अर्धवट याद्या होतात. असे झालेले दिसले, तर एका नावावरून दुसऱ्याकडे पुनर्निर्देशन करा.
३. धूळपाटीवर तक्ता करून पाहा. मराठी विकिपीडियाने सरावाच्या पानाला दिलेले हे नाव. तिथे चुकले तरी कोणाचे काही बिघडत नाही.
४. तक्त्यासाठी पानाच्या तळाशी असलेला ‘डेस्कटॉप’ पर्याय निवडा. मोबाइलच्या साध्या दर्शनात तक्ता घालणे जिकिरीचे होते. त्याहून सोपे म्हणजे सर्व नोंदी आधी वहीत किंवा फोनच्या टिपणांत लिहून घ्या आणि संगणक मिळाला की एकदम भरा. मध्येच रेंज गेली तरी मग काही वाया जात नाही.
५. झलक पाहा, सारांशात काय बदलले ते लिहा, मग प्रकाशित करा. ‘२०१९चे वळणाचे भाग जोडले, संदर्भासह’ एवढे वाक्य पुरते. सारांश रिकामा सोडलेला मोठा बदल संशयाने पाहिला जातो.
६. पानावर लक्ष ठेवण्यासाठी वरची तारका दाबा.

यादी फार लांबली तरच वेगळे पान करा आणि मूळ पानावर त्याचा दुवा द्या. पहिल्याच दिवशी वेगळे पान केले तर ते रिकामे म्हणून वगळले जाण्याची शक्यता जास्त.

तुमचा बदल कोणी पुसला तर

घाबरू नका आणि रागाच्या भरात तोच मजकूर पुन्हा पुन्हा टाकू नका. तसे केल्यास बरोबर असलेल्या माणसालाही संपादनापासून रोखले जाऊ शकते. ‘इतिहास पहा’ या दुव्यावर प्रत्येक आवृत्ती जपलेली असते. तुमचे श्रम हरवत नाहीत. कोणी पुसले आणि कारण काय दिले ते तिथे पाहा.

तुमचे अधिकार असे :

- चर्चा पानावर कारण विचारण्याचा. प्रश्न नेमका ठेवा : ‘कोणती ओळ, कोणत्या कारणाने?’
- तिथे निकाल लागला नाही, तर चावडीवर विषय मांडण्याचा.
- पूर्ण पान वगळले गेले, तर प्रचालकांना विनंती करून मजकूर तुमच्या सदस्य पानाखाली परत मागण्याचा. प्रताधिकाराचा भंग झालेला मजकूर मात्र परत मिळत नाही.

‘संदर्भ हवा’ अशी खूण कोणी लावली, तर तो अपमान समजू नका. संदर्भ जोडा, खूण काढा.

कोणता अधिकार नाही, तेही सांगतो. पान तुम्ही सुरू केले म्हणून ते तुमच्या मालकीचे होत नाही. लिहिलेला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली जातो. श्रेय देऊन तो कोणीही वापरू शकतो, विकूही शकतो. नंतर तो मागे घेता येत नाही.

पैसे मागणाऱ्यांपासून सावध

‘तुमच्या मालिकेचे, तुमच्या नावाचे पान करून देतो, इतके हजार द्या’ असे सांगणारे लोक तालुक्याच्या ठिकाणापर्यंत पोहोचले आहेत. विकिपीडियावर लिहायला शुल्क नाही आणि पान टिकेल अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. तुम्ही स्वतः एखाद्या वाहिनीसाठी किंवा निर्मितिसंस्थेसाठी पैसे घेऊन लिहीत असाल, तर ते आपल्या सदस्य पानावर जाहीर करणे बंधनकारक आहे. न सांगता लिहिलेले उघड झाले तर खाते बंद होऊ शकते. मालिकेत छोटी भूमिका केलेल्या ओळखीच्या माणसाचे नाव यादीत घुसवण्याचा आग्रह गावात होतो. नाव श्रेयनामावलीत किंवा बातमीत असेल तर घाला, नसेल तर नम्रपणे नाही म्हणा.

सुरुवात मोठ्या बेताने करू नका. ‘स्वराज्यजननी जिजामाता’चे पहिल्या वर्षातले वळणाचे दहा भाग निवडा, प्रत्येकाची तारीख तपासा, एकेक वाक्य लिहा, संदर्भ जोडा आणि पान प्रकाशित करा. पुढचे दहा भाग मेहकर, लोणार किंवा सिंदखेडराजातला दुसरा कोणी भरेल. त्याला जागा सापडावी म्हणून चर्चा पानावर तुमची मोजणीची पद्धत आजच लिहून ठेवा.